पुण्यापुरते टायर

"ही स्टेपनी शेवटची कधी उतरवली होती?"

डिकीत वाकलेल्या तांबोळींनी मान वर न करताच विचारलं, आणि आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागलो. तिघं म्हणजे मी, माझा थोरला भाऊ अण्णा आणि धाकट्या बहिणीचे यजमान अरविंदराव. कराडच्या बाहेर हायवेला लागूनच तांबोळींचं टायरचं दुकान होतं. गाडीचे चारही टायर झिजून गुळगुळीत झाले होते, म्हणून तिथं आलो होतो. आईचं तेरावं नुकतंच उरकलं होतं आणि अण्णाच्या डोक्यावरचे केस अजून नीट उगवलेही नव्हते.

"कधीच नाही," मी म्हणाले.

"कधीच नाही म्हणजे?"

"गाडी घेतली तेव्हापासून ती तिथंच आहे."

तांबोळी कंबर धरून उभे राहिले. "म्हणजे गाडी कधी पंक्चरच झाली नाही म्हणा की!"

"झाली की. भरपूर वेळा झाली."

त्यांना काही उमगेना. उमगणार कसं? ते आमच्या अप्पांना ओळखत नव्हते.

अप्पा म्हणजे आमचे वडील. नवी वस्तू वापरायची नसते, असा त्यांचा ठाम समज होता. नवीन चादरी पाहुण्यांसाठी, आणि पाहुणे आले की त्यांच्याही अंगावर जुन्याच, कारण उद्या याहून मोठे पाहुणे आले तर काय करता? बूट खोक्यात, घड्याळ डबीत, सोफ्यावर दुकानातून आलेलं प्लॅस्टिक तसंच. नोकरीच्या शेवटी शेवटी त्यांनी ही पांढरी मारुती घेतली आणि तिच्या चार चाकांपेक्षा डिकीतल्या पाचव्यावर त्यांचा जीव जडला. नवी कोरी आहे, अडीनडीला असू दे, म्हणायचे.

एकदा मावशीच्या घरच्या लग्नाला आम्ही पाटणला निघालो होतो. मल्हारपेठच्या अलीकडं मागचं चाक बसलं. अप्पांनी जॅक लावला, चाक काढलं आणि ते घेऊन एसटीला हात करत रस्त्यावर उभे राहिले.

आई म्हणाली, "अहो, डिकीत चाक आहे ना?"

"ते अडीनडीसाठी आहे."

"मग ही काय हौस चाललीय का आपली?"

अप्पा आलेल्या एसटीत चाकासकट चढले, मल्हारपेठेत पंक्चर काढलं आणि दुसऱ्या एसटीनं परत आले. तोवर आम्ही मायलेकी बाभळीखाली बसून तीन चाकांची गाडी राखत होतो. अक्षता चुकल्या. शेवटच्या पंगतीला कसेबसे पोचलो. आईनं परतीच्या वाटेवर अवाक्षर काढलं नाही, आणि आमच्या घरात ते फार कडक बोलणं समजलं जायचं.

अप्पा गेल्यावर गाडी विकायचं चाललं होतं. पण आईला वरचेवर मिरजेला दवाखान्यात न्यावं लागायला लागलं, तेव्हा मीच निकम मॅडमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं आणि पस्तिशी उलटून गेल्यावर गाडी शिकले. शिकले ती अशी शिकले, की पुढं त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मला पाठ होता. आईला धक्का बसू नये म्हणून खड्ड्याच्या आधीच पाय ब्रेकवर जायचा. स्टेपनीला मात्र मीही हात लावला नाही. एकदा काढायला गेले, तर आई मागच्या सीटवरून म्हणाली, "राहू दे गं. त्यांनी जपलेली आहे." मी पंक्चरवाल्याला फोन केला.

"मग तर झकासच झालं की!" अरविंदराव पुढं सरसावले. अरविंदरावांना टायरमधलं कळतं. तसं त्यांना सगळ्यातलंच कळतं. "नवी कोरी स्टेपनी आयती मिळाली. ती पुढं डावीकडं चढवा. राहिलेल्या तिघांना रिमोल्ड घाला. जुन्या टायरवर नवं रबर, दिसायला पण नवे. काय अण्णा?"

"चालेल," अण्णा म्हणाला. "आपल्याला पुण्यापर्यंत तर जायचंय. पुण्यापुरते टायर झाले की बास. तिथं गेल्यावर गाडी विकूनच टाकायची आहे."

तांबोळी हसले. "साहेब, आजवर लई टायर विकले. पण पुण्यापुरता टायर काय मला कुठं बघायला मिळाला नाही."

अण्णा हसला नाही. रात्री त्याला झोप लागत नव्हती, डोळे लाल होते. रविवारी निघायचं असं त्यानं ठरवलं होतं. मी, माझी ट्रंक, आईचा देव्हारा आणि गाडी, एवढं सगळं पुण्याला जाणार होतं. कराडचा फ्लॅट भाड्यानं द्यायचा होता. अण्णाच्या सुनेला, रेवतीला, सातवा महिना लागला होता आणि वहिनींचे गुडघे गेले होते. मग कोण जाणार? मी.

यात कुणाला काही चुकीचं वाटत नव्हतं. खरं सांगायचं, तर मलाही कधी वाटलं नव्हतं. माझं लग्न जमलं नाही. का जमलं नाही ती एक वेगळी कथा आहे, आणि तिच्यात काही रस नाही. धाकट्या बहिणीची, उज्ज्वलाची, दोन्ही बाळंतपणं मी काढली, वहिनींचं ऑपरेशन मी काढलं, अरविंदरावांच्या आईचा पाय मोडला तेव्हा तिचं अंथरुणातलं सगळं मी केलं. दर वेळी फोन यायचा आणि फोनवर एकच वाक्य असायचं, "अक्का, कुठल्या गाडीनं येतेस?" येतेस का, असं नाही. कुठल्या गाडीनं, एवढंच. अण्णा माझ्यापेक्षा मोठा, तो मला सुमे म्हणतो, पण वाक्य तेच. मी पोचले की पिशवी दाराशी ठेवायची आणि सरळ स्वयंपाकघरात. तिथं काहीतरी ओट्यावर माझी वाट बघतच असायचं.

अण्णाच्या मुलाच्या, प्रसादच्या बारशालाही मी महिनाभर आधीपासून तिथंच होते. बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं असतं. मी आत शिऱ्याचा रवा भाजत होते आणि बाहेर कुणीतरी म्हणालं, सवाष्ण आत्या असलेली बरी. उज्ज्वला दुपारच्या गाडीनं आली होती, तिनं नाव ठेवलं. तो आवाज अण्णाचा नव्हता. पण अण्णानं त्या आवाजाला काही उत्तरही दिलं नाही. रवा तेवढा मी करपू दिला नाही.

पुढं त्याच प्रसादच्या लग्नात अरविंदरावांनी मुलीकडच्या माणसांशी माझी ओळख करून दिली. "ह्या आमच्या अक्का. आमच्या सगळ्यांची स्टेपनी! कुणाचंही चाक बसू दे, अक्का हजर!" सगळे हसले. मुलीचे एक काका जरा जास्तच वेळ हसले आणि त्यांनी माझ्याकडं वरून खाली बघितलं. बाईला स्टेपनी म्हटलं की त्याचा दुसरा अर्थ काय होतो, हे अरविंदरावांना ठाऊक होतं, त्या काकांना ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. मी पदर सारखा केला आणि वाढायला गेले. तेव्हापासून तो शब्द आमच्या घरात रुळला. पोरंसोरंसुद्धा म्हणायला लागली.

म्हणून त्या दिवशी तांबोळींनी स्टेपनी म्हटलं, की अरविंदराव दर वेळी माझ्याकडं बघून गालात हसत होते.

तांबोळींनी ती बाहेर काढली. जमिनीवर उभी केली. खरंच नवी होती हो! रबराचे ते बारीक केस, कारखान्यातून येतात तसे, जसेच्या तसे होते. कडेला चिकटवलेला पिवळा कागदसुद्धा अर्धा शिल्लक होता. अप्पा दर रविवारी डिकी उघडून तिच्यावरून फडकं फिरवायचे, ते मला दिसायला लागलं.

तांबोळींनी तिच्या कुशीला अंगठा लावला आणि जोरात दाबला. मग त्यांनी तो अंगठा आडवा फिरवला. "हे बघा."

रबराला बारीक चिरा होत्या. बोट फिरेल तिथं आणखी दिसत होत्या.

"ही नाही चालायची," ते म्हणाले.

"अहो, वापरलेली नाही!" अरविंदराव म्हणाले. "एक किलोमीटरसुद्धा धावलेली नाही."

"म्हणून तर. रबर हाय साहेब, त्याला बी वय असतंय. पडून पडून मरतंय. हायवेला जरा तापली की फुटंल. त्यापेक्षा वापरून झिजली असती तर बरं, निदान फिरली तरी असती."

एवढंच ते म्हणाले आणि हात पुसायला आत वळले. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. टायरबद्दलच बोलत होते ते.

आई गेली तेव्हा मला रडू आलं नव्हतं. बायका आपसात कुजबुजल्याही होत्या, की हिनं एवढं केलं पण डोळ्यांत टिपूस नाही. मला कामं होती. कोण येतंय, कोण जातंय, कुणाला चहा, कुणाची गाडी. आणि आता हायवेच्या कडेला, त्या उभ्या केलेल्या टायरसमोर, मला असं रडू फुटलं की उभं राहवेना. मी तिथल्याच एका टायरच्या चळतीवर बसले आणि तोंडाला पदर लावून रडले. लाजही वाटली नाही.

"अप्पांची आठवण झाली तिला," अण्णा हळूच अरविंदरावांना म्हणाला. अप्पांची आठवण झालीच होती, खोटं कशाला बोलू? पण मी अप्पांसाठी रडत नव्हते, आईसाठीही नव्हते. मी माझ्यासाठी रडत होते. असं मी आधी कधी केलं नव्हतं.

तांबोळी आतून पाण्याची बाटली घेऊन आले. "घ्या ताई. पाणी प्या." आमच्या नातेवाइकांत पाणी आणून द्यायचं काम माझं. मी बाटली हातात घेतली आणि क्षणभर तिचं काय करायचं तेच सुचेना.

मी शांत झाल्यावर तांबोळींनी पुन्हा कामाचं काढलं. "तर टायर कसले घालू ते ठरवा. मला एवढं सांगा, गाडी चालवणार कोण आणि फिरणार कुठं? त्याच्यावर सगळं असतंय."

"सांगितलं ना, पुण्यापर्यंत," अण्णा म्हणाला. "मीच चालवणार. पुढं काही नाही."

माझ्या तोंडात एक गोष्ट दिवसभर घोळत होती. आदल्या दिवशी निकम मॅडम भेटायला येऊन गेल्या होत्या. जाताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "वेळ ही नाही, मला कळतंय. पण तुम्ही निघून गेलात तर राहून जाईल. बायका शिकायला येतात हो, पण शेजारी परका पुरुष बसला की हात नुसते स्टिअरिंगवर ठेवून बसतात. मला एक बाई पाहिजे, धीर न सोडणारी. तुमचीच गाडी लावू, तुमच्या बाजूला दुसरा ब्रेक बसवून घेऊ. रविवारपर्यंत सांगा." मी कुणाला बोलले नव्हते. बोलायचं धाडसच होत नव्हतं. रात्री अंथरुणावर मात्र मी कुणालातरी क्लच सोडायला शिकवत होते. हळू, हळू, अजून हळू.

"मी चालवणार," मी म्हणाले.

"पुण्याला जाताना? बरं, चालव की," अण्णा म्हणाला.

"पुण्याला नाही. इथं, कराडात. निकम मॅडमच्या शाळेत शिकवायला जाणार आहे मी. गाडी रोज फिरणार."

एक ट्रक एवढ्या जोरात गेला की दुकानाचा पत्रा थरथरला.

"अक्का, बरं वाटतंय ना तुम्हाला?" अरविंदराव म्हणाले.

अण्णानं माझा दंड धरला आणि मला दुकानाच्या बाजूला, निलगिरीच्या झाडांकडं घेऊन गेला. "सुमे, हे काय नवीन? आईला जाऊन दिवस किती झाले? असल्या वेळी माणसानं काही ठरवू नये."

"तू ठरवलंस की. घर भाड्यानं द्यायचं, गाडी विकायची, रविवारी निघायचं."

"ते तुझ्यासाठीच ना! तुला इथं एकटीला ठेवून मी तिकडं घास कसा गिळू? आणि लोक काय म्हणतील? भावानं बहिणीला टाकली म्हणतील."

"आणि रेवतीचं बाळंतपण?"

"ते पण आहेच. मी नाही म्हणतच नाही." तो खरं बोलत होता. अण्णा खोटं बोलत नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. "तू असलीस की सगळ्यांना धीर येतो."

"रेवतीला आई आहे, अण्णा. ती यायला तयार आहे. तुम्हीच तिला कळवलंत, आमची अक्का येतीये म्हणून."

त्यानं डोक्यावरून हात फिरवला. केस नव्हते तरी फिरवला. "मला वाटायचं तुला आवडतं हे सगळं. तू कधी नाही म्हणाली नाहीस."

"तू कधी विचारलंस? कुठल्या गाडीनं येतेस, एवढंच विचारता तुम्ही सगळे. त्याला नाही म्हणून उत्तर कसं द्यायचं?"

मला वाटलं होतं की एवढ्यावर थांबावं. पण आलं तर बाहेर येऊच दे, असंही वाटलं.

"अरविंदराव मला स्टेपनी म्हणतात."

"अगं, ते थट्टेनं..."

"प्रसादच्या लग्नात म्हणाले. मुलीकडच्या परक्या पुरुषांसमोर. बाईला स्टेपनी म्हटलं की लोक काय समजतात, ते तुला माहीत आहे ना?"

अण्णानं खाली बघितलं. त्याला माहीत होतं.

"तू पण हसलास, अण्णा."

तो निलगिरीचं एक पान चपलेखाली रगडत उभा राहिला. माझा भाऊ साठीला आलेला, गोटा केलेला, आईविना झालेला माणूस, आणि मी त्याला असं बोलले होते. मला त्याची फार दया आली. पण बोललेलं परत घ्यावं असं वाटलं नाही, एका शब्दानंसुद्धा.

आम्ही परत आलो, तर अरविंदराव त्या स्टेपनीवर पाय ठेवून उभे होते. "झाली का मीटिंग? मग काय ठरलं आमच्या स्टेपनीचं?"

"अरविंदराव," अण्णा म्हणाला, "बास."

"अहो, मी आपली गंमत..."

"बास म्हटलं ना! पुन्हा तो शब्द माझ्या बहिणीला लावायचा नाही."

अण्णाचा आवाज मोठा नव्हता. पण जावयाला असं बोलायची आमच्यात पद्धत नाही, आणि अण्णानं तर जन्मात कुणाला असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. अरविंदरावांचा चेहरा उतरला. त्यांनी टायरवरचा पाय खाली घेतला आणि रस्त्यापलीकडच्या टपरीकडं चहा प्यायला निघून गेले.

तांबोळींनी सगळं ऐकलं असणार, पण दुकानदारी करणारा माणूस, ऐकू आलं नाही असं दाखवण्यात हुशार. "मग ताई, कसले घालू?" त्यांनी या वेळी मला विचारलं.

त्यांनी दोन प्रकारचे टायर समोर ठेवले. एक मऊ होता, आवाज न करणारा, लांब पल्ल्याच्या गाड्यांना बरा. दुसरा जाड कुशीचा, जरा कडक, खोल नक्षीचा. मी दोन्हींवरून हात फिरवला. आईसाठी घ्यायचे असते तर मी डोळे झाकून मऊ घेतले असते. पण आता त्या गाडीत मिरजेला निजून जाणारं कुणी नव्हतं.

"शिकाऊ बायका चालवणार," मी म्हणाले. "ब्रेक करकचून दाबणार, वळताना चाक दगडाला घासणार. हे जाड कुशीचे द्या. ओल्या रस्त्यावर धरतात ना?"

"धरतात."

"मग चार घाला. आणि पाचवा पण नवा द्या."

"स्टेपनीला पण नवा?"

"हो. आणि तो डिकीत पडून राहणार नाही. पाचही आळीपाळीनं रस्त्यावर आणायचे. तसं करतात ना?"

"करतात की. शहाणी माणसं करतात," तांबोळी म्हणाले आणि जॅक आणायला गेले.

अण्णानं खिशात हात घातला होता. मी मान हलवली. शिवणकामाचे माझे पैसे होते, ते मी पर्समधून काढले. त्याचा हात बराच वेळ खिशातच राहिला. चाकं चढेपर्यंत आम्ही दोघं त्या चळतीवर शेजारी शेजारी बसलो होतो, लहानपणी अप्पांची वाट बघत पायरीवर बसायचो तसे. निघताना तांबोळींनी जुन्या स्टेपनीचं काय करू म्हणून विचारलं, तेव्हा अण्णाच म्हणाला, "ती राहू दे. घरी नेऊ." आणि त्यानंच उचलून ती मागच्या सीटवर ठेवली.

रविवारी तो एसटीनं एकटाच पुण्याला गेला. स्टँडवर सोडायला मी गेले होते. खिडकीतून त्यानं बोट करून मला काहीतरी सांगितलं. एसटीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, आणि तो परत म्हणाला नाही.

त्यानंतर बरेच दिवस फोन आला नाही. रागावला असेल म्हणून मी केला नाही, आणि मीच रागावले आहे असं वाटून की काय, त्यानंही केला नाही. उज्ज्वलानं एकदा केला, तो मला चार शब्द सुनवायला. तुला म्हणे आता पंख फुटलेत. मी हो म्हणाले. संध्याकाळी कुलूप काढून घरात शिरलं की घर अंगावर यायचं. कित्येकदा मी दोघींचा भात लावला आणि मग कुकरकडं बघत बसले. हे सगळं सोपं गेलं असं मी कुणाला सांगत नाही. पण सकाळी निकम मॅडमच्या मैदानावर माझी पहिली बाई यायची, पोस्टातली, घामानं तिचे तळवे ओले असायचे, आणि मी म्हणायचे, क्लच सोडा. हळू. अजून हळू. गाडी हलली की ती ओरडायची, आणि मला हसू यायचं. अप्पांची जुनी स्टेपनी मैदानात वळणाच्या खुणेला ठेवली होती. तिच्याभोवती सगळ्या बायका वळायला शिकल्या. रबराचे केस उन्हानं गळून गेले.

मग एका दुपारी फोन वाजला.

"सुमे?" अण्णा होता. "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

मी खुर्चीत बसले. "कुणासारखी आहे?"

"आपल्या आईसारखी. जिवणी अगदी आईची आहे बघ." मग तो थांबला. "रविवारच्या पुढच्या रविवारी बारसं आहे. सुमे, तू येशील का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतं म्हणून नाही. तो शेवटचा "का" आमच्यात पहिल्यांदाच आला होता, आणि मला तो जरा वेळ ऐकत राहायचा होता.

"येईन," मी म्हणाले. "गाडी घेऊन येईन."

मी खंबाटकीचा बोगदा ओलांडून, एकटी चालवत पुण्याला गेले. अण्णाच्या दारात गाडी लावली. घर माणसांनी भरलं होतं, आतून तुपाचा वास येत होता. इतक्या वर्षांची सवय, माझे पाय आपोआप स्वयंपाकघराकडं वळले, पिशवी दाराशी टेकायला मी वाकलेसुद्धा.

"सुमे, तिकडं नाही," अण्णा म्हणाला. "इथं बस."

त्यानं मला दिवाणखान्यात, मधल्या खुर्चीत बसवलं आणि आत गेला. जन्मात त्या माणसानं स्वतःच्या हातानं पाणी घेऊन प्यायलेलं मी बघितलं नव्हतं. तो ताटलीत पेला घेऊन बाहेर आला. काठोकाठ भरला होता, त्यामुळं निम्मं पाणी ताटलीत सांडलं होतं, आणि त्याचं सगळं लक्ष त्या पेल्याकडं होतं.

"घे," तो म्हणाला. "लांबून आलीस."